पुस्तक मिटल्यावरचा अभ्यास : दहावीत पाऊल ठेवणाऱ्यांसाठी

दहावीचा अभ्यास कसा करायचा, हा प्रश्न पुण्यात कुणालाही विचारा. उत्तर मिळतं ते ‘किती’चं आणि ‘कुठे’चं. पहाटे चारला उठ, रोज सहा तास बस, अमुक क्लास लाव, तमुक अपेक्षित प्रश्नसंच घे. खुर्चीत बसल्यावर समोरच्या पानाचं नेमकं काय करायचं, हे क्वचितच कुणी सांगतं. मग बहुतेक मुलं आपसूक होतं ते करतात. धडा वाचतात, ओळींवरून पिवळा हायलायटर फिरवतात, पुन्हा वाचतात. तिसऱ्या वाचनाला सगळं ओळखीचं वाटायला लागतं आणि ‘झाला धडा’ म्हणून पान उलटलं जातं.

ओळखीचं वाटणं आणि येणं यांत मोठं अंतर आहे. समोरून येणारा माणूस ओळखीचा वाटतो, पण नाव काही केल्या आठवत नाही, तसं उत्तरपत्रिकेपुढे होतं. म्हणून या लेखात एकाच गोष्टीचा आग्रह आहे : अभ्यासाचा बराचसा वेळ पुस्तक मिटून, आठवून लिहिण्यात जायला हवा. उदाहरणं राज्य मंडळाच्या दहावीची घेतली आहेत, पण पद्धत आठवी-नववीलाही तशीच चालते. आठवीतच अंगवळणी पडली तर दहावीचं वर्ष पुष्कळ हलकं जातं.

हे नुसतं माझं मत नाही. हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिके या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी २००६मध्ये एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. विद्यार्थ्यांनी एक उतारा दोनदा वाचायचा. दुसरा उतारा एकदाच वाचायचा आणि मग न बघता आठवेल तेवढा लिहून काढायचा. पाच मिनिटांनी तपासलं तेव्हा दोनदा वाचलेला उतारा पुढे होता : ८१ टक्के विरुद्ध ७५. आठवड्याने तपासलं तर चित्र उलटं. दोनदा वाचलेल्यातलं ४२ टक्के उरलं होतं, लिहून काढलेल्यातलं ५६. म्हणजे नुसतं वाचण्याचा फायदा दिसतो तो लगेच, आणि परीक्षा काही लगेच नसते.

आपल्या आजी-आजोबांना यात नवल वाटणार नाही. दिवेलागणीला परवचा म्हणणारी ती पिढी पुस्तक उघडून बसत नव्हती. पाढे, पावकी, निमकी, पाऊणकी रोज तोंडाने म्हटली जायची आणि चुकलं की तिथल्या तिथे कुणीतरी टोकायचं. घोकंपट्टी म्हणून आपण ती रीत मोडीत काढली. अर्थ न कळता पाठ करणं गेलं ते बरंच झालं, पण रोज न बघता म्हणून पाहणंही त्याच्याबरोबर गेलं.

पहिलं काम : प्रश्नपत्रिका बघा

जूनमध्ये नवी पुस्तकं आली की धडा पहिला, पान पहिलं असं सुरू करण्याचा मोह होतो. त्याआधी तासभर प्रश्नपत्रिकेला द्या. गणिताचे दोन भाग (बीजगणित, भूमिती), विज्ञानाचे दोन भाग, इतिहास-राज्यशास्त्र आणि भूगोल यांचे पेपर प्रत्येकी ४० गुणांचे आणि दोन तासांचे असतात. भाषांचे ८० गुणांचे, तीन तासांचे. राहिलेले २० गुण अंतर्गत मूल्यमापनाचे म्हणजे तोंडी, प्रात्यक्षिक, गृहपाठ यांचे. हे २० ‘मिळतातच’ असं धरून जर्नल शेवटच्या आठवड्यात उतरवून काढणारे पुष्कळ असतात. ते गुण वर्षभर थोडं थोडं काम करून मिळवण्यासाठीच ठेवलेले आहेत.

मग एकेक पेपर उघडून त्याची मांडणी बघा. विज्ञानाच्या एका भागात सगळ्यात मोठा वाटा तिसऱ्या प्रश्नाचा असतो : आठपैकी पाच उपप्रश्न, प्रत्येकी तीन गुण, एकूण १५. ‘शास्त्रीय कारणे लिहा’मध्ये तीनपैकी दोन. बीजगणितात चौथा प्रश्न तीनपैकी दोन, आठ गुणांचा. ही रचना डोक्यात असली की धडा वाचताना आपोआप कळतं, इथून कारण विचारतील, इथून फरक, इथून आकृती.

पुणेकरांचं एक बरं आहे. मंडळाचं मुख्यालय शिवाजीनगरला, पुस्तकं काढणारी बालभारती सेनापती बापट रस्त्यावर आणि राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषद कुमठेकर रस्त्यावर. सगळा कारभार इथूनच चालतो, तरी पेपरची मांडणी न बघता परीक्षेला बसणारी मुलं इथेही असतात. कुठल्याही कार्यालयात जायची गरज नाही. पुस्तकांच्या पीडीएफ बालभारतीच्या संकेतस्थळावर फुकट मिळतात. कागदावरचे जुने पेपर हवे असतील तर अप्पा बळवंत चौक आहेच, पण जाताना यादी घेऊन जा आणि यादीबाहेरचं काही घेऊ नका. प्रत्येक विषयाचा जुन्या पेपरांचा एक संच पुरतो. तीन प्रकाशनांची तीन गाइडं घेतली की अभ्यासाऐवजी ‘कुठलं चांगलं’ याचीच चर्चा होते. क्रम पक्का ठेवा : पाठ्यपुस्तक, त्यातले स्वाध्याय, मग जुने पेपर. गाइड शेवटी, तेही उत्तर ताडून बघायला.

दुसरं काम : कुठे उभे आहात ते तपासा

एका मोठ्या कागदावर सगळ्या विषयांची प्रकरणं लिहा. प्रत्येक प्रकरणाच्या स्वाध्यायातले दोन-तीन प्रश्न पुस्तक न बघता सोडवून पाहा. जमलं तर बरोबरची खूण, अडखळलं तर आडवी रेघ, आलंच नाही तर फुली. शिकवायच्या आधीच फुल्या दिसल्या म्हणून घाबरायचं कारण नाही. हा कागद दर महिन्याला बदलायचा असतो. तो भिंतीवर लावा किंवा कपाटाच्या आतल्या बाजूला. पाहुण्यांनी बघून ‘अरे, अजून एवढं बाकी?’ म्हणू नये एवढं पाहा.

बरोबरची खूण असलेलं प्रकरण पुन्हा पुन्हा वाचण्यात मन रमतं, कारण ते येतं. फुलीवाल्याकडे पाय वळत नाहीत. रोजची सुरुवात अडखळणाऱ्या प्रकरणांनी करा. फुलीवाली प्रकरणं शाळेत किंवा क्लासमध्ये विचारून घ्यावी लागतात, एकट्याने झगडून त्यात दिवस जातो.

एक बैठक कशी असते

आता मुख्य भाग. विज्ञान भाग १ मधलं ‘गुरुत्वाकर्षण’ हे प्रकरण घेऊ आणि चाळीस-पंचेचाळीस मिनिटांची एक बैठक पूर्ण करू.

आधी पाच मिनिटं पुस्तक चाळा. मथळे, आकृत्या, शेवटचा स्वाध्याय. उत्तर येत नसलं तरी प्रश्न वाचून ठेवा, म्हणजे वाचताना डोळे काहीतरी शोधत राहतात.

मग एकच तुकडा वाचा, समजा केप्लरच्या नियमांपासून न्यूटनच्या गुरुत्वाकर्षणाच्या सिद्धान्तापर्यंत. सावकाश, पेन खाली ठेवून. हायलायटर तर दप्तरातच राहू दे. कुठली ओळ महत्त्वाची, ते पहिल्या वाचनात कळत नाही. पहिल्या वाचनात सगळंच महत्त्वाचं वाटतं आणि पान पिवळं होऊन जातं. २०१३मध्ये जॉन डनलॉस्की आणि सहकाऱ्यांनी अभ्यासाच्या दहा पद्धतींचा आढावा घेतला होता. त्यात ओळी रंगवणं आणि पुन्हा वाचणं तळाला होतं. स्वतःची परीक्षा घेणं आणि अभ्यास दिवसांमध्ये विभागणं या दोन पद्धती सगळ्यात वर होत्या.

आता पुस्तक मिटा. कोरा कागद घ्या, पाठकोरा असला तरी चालेल, आणि आठवेल ते लिहा. सुवाच्य नको, पूर्ण वाक्यं नकोत. पहिला नियम : ग्रहाची कक्षा लंबवर्तुळाकार, सूर्य एका नाभीवर. दुसरा : ग्रहाला सूर्याशी जोडणारी रेषा समान वेळात समान क्षेत्रफळ ओलांडते. तिसरा नियम... इथे हमखास गाडी अडते. आवर्तकाळाचा वर्ग आणि अंतराचा घन, की उलटं? लगेच पुस्तक उघडू नका. मिनिटभर झटापट करा, चुकीचं का होईना, काहीतरी लिहा. ही झटापट म्हणजे वेळ वाया जाणं असं वाटतं, पण खरा अभ्यास याच मिनिटात होत असतो.

पुस्तक उघडा आणि लाल पेनाने दुरुस्त करा : आवर्तकाळाचा वर्ग हा सरासरी अंतराच्या घनाला समानुपाती. जे राहिलं ते लाल, जे चुकलं तेही लाल. कागदावर जेवढं लाल, तेवढाच उद्याचा अभ्यास. काळ्याला परत हात लावायचा नाही. इथे वेळ वाचतो. पूर्ण धडा पुन्हा वाचणाऱ्याला हे कधी कळतच नाही की त्याला त्यातला बराचसा भाग येत होता.

शेवटची दहा मिनिटं ‘का’ला द्या. पृथ्वीच्या गुरुत्व त्वरणाचं मूल्य ध्रुवावर सुमारे ९.८३ आणि विषुववृत्तावर ९.७८ मीटर प्रति सेकंद वर्ग, हे पाठ होतं. पण ध्रुवावर जास्त का? पृथ्वी ध्रुवांपाशी चपटी आहे, तिथे पृष्ठभाग केंद्राच्या जवळ येतो. (ती स्वतःभोवती फिरते, त्याचाही परिणाम आहे, पण दहावीपुरतं पहिलं कारण पुरे.) चंद्रावर माझं वस्तुमान बदलेल का? नाही. वजन? सुमारे एक षष्ठांश होईल. निर्वातात पीस आणि दगड एकाच वेळी खाली का पडतात? त्वरणाच्या सूत्रात पडणाऱ्या वस्तूचं वस्तुमान उरतच नाही म्हणून. असे चार ‘का’ तुम्ही स्वतःच काढलेत तर ‘शास्त्रीय कारणे लिहा’ची वेगळी तयारी फारशी उरत नाही.

उत्तर मोठ्याने सांगून पाहा. ऐकायला आई असेल, धाकटा भाऊ असेल किंवा नुसतं कपाट असेल. बोलताना जिथे ‘म्हणजे ते... ते असतं ना’ येतं, तिथे समजलेलं नाही असं खुशाल समजा.

पंचेचाळीस मिनिटं सलग जमत नसतील तर पंचवीस मिनिटं काम आणि पाच मिनिटं सुट्टी असे तुकडे करा. फ्रान्सेस्को चिरिलो या इटालियन माणसाने स्वयंपाकघरातलं टोमॅटोच्या आकाराचं घड्याळ लावून ही पद्धत चालू केली, म्हणून तिला पोमोदोरो (इटालियनमध्ये टोमॅटो) म्हणतात. सुट्टीची पाच मिनिटं मोबाइलवर घालवली तर ती पाच राहत नाहीत, हे सांगायला नको.

परत कधी यायचं

हेर्मान एबिंगहाउस या जर्मन संशोधकाने अर्थहीन अक्षरसमूह स्वतः पाठ केले, किती वेळात किती विसरतो ते मोजलं आणि १८८५मध्ये ते प्रसिद्ध केलं. विसरणं आधी भराभर होतं, मग मंदावतं. त्यावर उपाय म्हणजे विसरायला लागतं त्याच सुमारास परत येणं. आज केलेलं प्रकरण उद्या पाच-दहा मिनिटं, मग तीन-चार दिवसांनी, मग पुढच्या आठवड्यात, मग महिन्याने. प्रत्येक वेळी वाचायचं नाही, कोऱ्या कागदावर लिहायचं. तारखा डायरीत आधीच टाकून ठेवा, नाहीतर ‘नंतर बघू’तला नंतर मार्चमध्ये उगवतो.

सूत्रं, व्याख्या, इंग्रजी शब्द, संस्कृतची धातुरूपं, विद्युतधारेची एककं अशा सुट्या गोष्टींसाठी कार्डं बरी पडतात. पुढे प्रश्न, मागे उत्तर. नवीन कार्डं विकत घ्यायची गरज नाही. घरात जमलेल्या लग्नपत्रिकांच्या कोऱ्या बाजू कापल्या की वर्षाची बेगमी होते. त्यांचे तीन गठ्ठे करा : रोजचा, तीन दिवसांनी बघायचा आणि आठवड्याने बघायचा. उत्तर बरोबर आलं की कार्ड पुढच्या गठ्ठ्यात, चुकलं की थेट रोजच्यात. ही कप्प्यांची पद्धत सेबास्टियन लाइटनर यांनी १९७२मध्ये लोकप्रिय केली. पीएमपीच्या बसमध्ये सिंहगड रस्त्यावर अडकलात तर दोन गठ्ठे सहज होतात.

गणित : वेगळा हिशोब

गणितात सगळ्यात फसवं काय असेल तर सोडवलेलं उदाहरण वाचणं. पायरीमागून पायरी पटत जाते आणि आपल्याला आलं असं वाटतं. सोडवलेल्या उदाहरणावर कागद ठेवा, फक्त प्रश्न दिसू दे. अडलात तर कागद एक ओळ खाली सरकवा, पुन्हा झाका, पुढे चला. पूर्ण झालं की दुसऱ्या दिवशी तेच उदाहरण पहिल्यापासून, न बघता.

दुसरी खोच क्रमाची. सरावसंच सोडवताना एकाच प्रकारची वीस उदाहरणं ओळीने येतात. पाचव्यानंतर डोकं थांबतं, हात चालतो. परीक्षेत प्रश्नावर प्रकरणाचं नाव लिहिलेलं नसतं. डग रोरर आणि केली टेलर यांनी २००७मध्ये महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना वेगवेगळ्या घनाकृतींची घनफळं काढायला दिली. एका गटाला एकेक प्रकार ओळीने, दुसऱ्याला सगळे प्रकार मिसळून. सराव करताना ओळीने करणाऱ्यांचं ८९ टक्के बरोबर येत होतं, मिसळून करणाऱ्यांचं ६०. आठवड्यानंतरच्या चाचणीत मात्र ओळीने करणारे २० टक्क्यांवर आले आणि मिसळून करणारे ६३ वर राहिले. सराव करताना अवघड वाटतं म्हणून मुलं मिसळणं टाळतात, हे या आकड्यांवरून समजण्यासारखं आहे.

म्हणून प्रकरण पहिल्यांदा शिकताना ओळीने सोडवा, पण आठवड्यातून एक दिवस मिसळीचा ठेवा. त्या दिवशी हा खेळ खेळून पाहा : वेगवेगळ्या प्रकरणांतली दहा शाब्दिक उदाहरणं घ्यायची आणि न सोडवता फक्त ‘हे कुठल्या प्रकरणाचं आणि पहिलं पाऊल काय’ एवढंच लिहायचं.

‘पहिल्या महिन्यात ५०० रुपये साठवले, पुढे दर महिन्याला ५० रुपये जास्त, वर्षात किती?’ दरमहा सारखीच वाढ, म्हणजे अंकगणिती श्रेढी, बारा पदांची बेरीज. (उत्तर ९३०० येतं.) ‘आयताची लांबी रुंदीपेक्षा ४ ने जास्त, क्षेत्रफळ ९६ चौरस एकक.’ अज्ञात संख्येचा गुणाकार तिच्याशीच होतोय, म्हणजे वर्गसमीकरण. (रुंदी ८, लांबी १२, उणे १२ ही किंमत सोडून द्यायची आणि का सोडली ते एका ओळीत लिहायचं.) ‘दोन पेन आणि तीन वह्या १३० रुपये, तीन पेन आणि दोन वह्या १२०.’ दोन चलांतील रेषीय समीकरणं. इथे सहगुणकांची अदलाबदल झालेली दिसली तर दोन्ही समीकरणांची बेरीज करा : पाच पेन आणि पाच वह्या २५०, म्हणून एक पेन आणि एक वही ५०. पुढचं तोंडी होतं.

भूमितीत प्रमेयाची सिद्धता पाठ करू नका. पक्ष, साध्य, आकृती एवढं लिहा आणि ‘ही रचना का केली?’ याचं उत्तर स्वतःला द्या. रचनेचं कारण कळलं की पुढच्या पायऱ्या बऱ्याचशा आपोआप येतात. आकृतीला अक्षरं वेगळी देऊन सिद्धता लिहून पाहा. तीही जमली तर प्रमेय खरंच आलं.

गणितासाठी एक चुकांची वही ठेवाच. चुकलेलं प्रत्येक उदाहरण त्यात, आणि शेजारी चूक कशी झाली ते दोन शब्दांत : प्रश्न नीट वाचला नाही, चिन्ह चुकलं, सूत्र आठवलं नाही, पायरी गाळली, आकडेमोड. महिन्याने मोजदाद करा. ‘माझं गणित कच्चं आहे’ म्हणणाऱ्या कित्येकांच्या वहीत निम्म्या चुका चिन्हांच्या निघतात. त्याला क्लास लागत नाही, दोन ओळी मागे जाऊन तपासायची सवय लागते.

बाकीचे विषय, थोडक्यात

भाषांना मुलं सगळ्यात कमी वेळ देतात आणि तिथेच घड्याळ सगळ्यात घट्ट असतं. हिशोब करा. चाळीस गुणांच्या पेपरला १२० मिनिटं, म्हणजे गुणामागे तीन मिनिटं. भाषेच्या ऐंशी गुणांच्या कृतिपत्रिकेला (म्हणजे पेपरला) १८० मिनिटं, म्हणजे गुणामागे सव्वादोन. तेव्हा उपयोजित लेखनाचा (पत्र, बातमी, जाहिरात, कथा) एक प्रकार दर आठवड्याला घड्याळ लावून लिहा आणि शिक्षकांना दाखवा. निबंध पाठ करून जाऊ नका. परीक्षकांनी तोच निबंध त्या दिवसात आधीही वाचलेला असतो.

इतिहासाचं पुस्तक युद्धं आणि सनावळ्यांचं नाही. इतिहास कसा लिहितात, कसा जपतात, याबद्दल आहे, आणि ते पुष्कळांना कोरडं वाटतं. पुण्यात राहून तसं वाटायचं कारण नाही. वि. का. राजवाडे यांच्या पुढाकाराने १९१०मध्ये स्थापन झालेलं भारत इतिहास संशोधक मंडळ सदाशिव पेठेत आहे. ‘ऐतिहासिक ठेव्यांचे जतन’ या प्रकरणासाठी राजा केळकर संग्रहालयात एक रविवार सकाळ घालवा, लेण्यांसाठी कार्ला किंवा भाजे. पाहिलेल्या जागेला चिकटलेला मुद्दा सुटत नाही.

भूगोलात भारत आणि ब्राझील यांची तुलना आहे. वहीच्या पानावर मधोमध रेघ मारा आणि न बघता दोन्ही बाजू भरा : हवामान, नद्या, वनं, शेती, लोकसंख्या. कोरे नकाशे आणून दर आठवड्याला एक भरा. नकाशा आणि आलेखाचे गुण हे सरावाचे गुण आहेत, सोडू नका.

वेळ, जागा आणि गणपती

शाळा, क्लास आणि येण्याजाण्यातून रोज दोन-अडीच तास उरत असतील तर ते पुरेसे आहेत, पण रोज हवेत. वेळापत्रक आठवड्याचं करा, दिवसाचं नको. एखादी संध्याकाळ पाहुण्यांत गेली तरी रविवारी भरून काढता येते. कागदावर आखीव रंगीत वेळापत्रक करण्यात अर्धा दिवस घालवू नका.

जुलैपासून ढोल-ताशांचा सराव सुरू होतो, मग गणपती, मग नवरात्र. या आवाजाशी भांडून उपयोग नाही. पथकात असाल तर तेवढे आठवडे कार्डं आणि भूगोलाचे नकाशे असं हलकं काम ठेवा आणि विसर्जनानंतर सहामाहीचा रेटा धरा. दहावी आहे म्हणून दहा दिवस घरात कोंडून बसवलेलं मूल पुस्तकापुढे बसतं, पण अभ्यास करतंच असं नाही.

घर लहान असेल तर अभ्यासिकेचा विचार येतो. सदाशिव, नारायण पेठेतल्या अभ्यासिका बहुतेक स्पर्धा परीक्षांच्या मुलांनी भरलेल्या असतात. तिथली शांतता पूर्ण पेपर लिहायला उत्तम, पण मोठ्याने उत्तर सांगून पाहायचं असेल तर तिथे सोय नाही. जानेवारीपासून लावली तरी चालते. वर्षभराचे पैसे भरू नका.

झोप कापू नका. दिवसभरात शिकलेलं झोपेत पक्कं होतं, हे बऱ्याच संशोधनातून दिसलं आहे. रात्री दोनपर्यंत जागून सकाळी शाळेत पेंगणारा विद्यार्थी दोन्हीकडून गमावतो.

पूर्वपरीक्षेपासून पुढे

बहुतेक शाळांची पूर्वपरीक्षा जानेवारीच्या आसपास होते. ती रंगीत तालीम म्हणून घ्या. त्यातल्या गुणांपेक्षा तपासलेली उत्तरपत्रिका मोलाची. गुण कुठे गेले ते चुकांच्या वहीत उतरवा. त्यानंतर नवं काही वाचायचं नाही. दर एक-दोन दिवसांनी एक पूर्ण पेपर, सकाळी अकरालाच, टेबलावर फक्त घड्याळ, पाणी, पेन. लेखी परीक्षेच्या सकाळच्या सत्राची वेळ तीच असते, डोक्यालाही तिची सवय होऊ दे. पेपर शेवटी पाच मिनिटं राखून संपवायचा सराव करा. बोर्डाच्या परीक्षेत अलीकडे शेवटी दहा मिनिटं वाढीव मिळतात, पण ती हिशोबात धरू नका.

परीक्षेच्या आदल्या रात्री फक्त लाल पेनाचे कागद आणि चुकांची वही. दुसऱ्या दिवशी केंद्रावर अर्धा तास आधी पोचा. केंद्र लांब असेल तर आधी एकदा त्याच वेळेला जाऊन रस्ता बघून या. पेपर झाल्यावर फाटकाबाहेर ‘तुझं उत्तर काय आलं?’च्या घोळक्यात उभं राहू नका. त्याने झालेला पेपर सुधारत नाही आणि पुढचा बिघडतो.

घरच्यांसाठी

संध्याकाळी घरी आल्यावर ‘किती वाचलंस?’ असं विचारू नका. त्याचं उत्तर नेहमी ‘बरंच’ असतं. ‘काय वाचलंस, मला सांग बघू’ असं विचारा, आणि पुस्तक तुमच्या हातात घ्या. विषय तुम्हाला यायची गरज नाही. मुलगी सांगते ते पानावर आहे का, एवढंच बघायचं. आजीला तर हे काम फार छान जमतं, कारण तिला खरोखरच समजून घ्यायचं असतं आणि ती मधेच ‘म्हणजे काय गं?’ असं विचारते.

उशीर झाला असेल तर

जानेवारीत हे वाचत असाल तर वर सांगितलेलं सगळं करायला वेळ नाही. मग क्रम उलटा करा. आज एक जुना पेपर जेवढा येईल तेवढा सोडवा, तपासा, आणि ज्या प्रश्नांत अर्धे गुण मिळाले तिथून सुरुवात करा. शून्याचे पाच करण्यापेक्षा अर्ध्याचे पूर्ण करणं सोपं असतं. नकाशा, आलेख, व्याख्या, उपयोजित लेखन, भूमितीतल्या रचना हे कमी दिवसांत हाती येणारे गुण. फुलीवाली सगळी प्रकरणं उरकायच्या नादाला लागू नका, प्रत्येक विषयात दोन-दोन निवडा.

आणि तरीही एक-दोन विषय राहिलेच, तर एटीकेटीची (राहिलेले विषय नंतर सोडवायची) सवलत घेऊन अकरावीला प्रवेश मिळू शकतो आणि जून-जुलैच्या सुमारास पुरवणी परीक्षा होते. निकालानंतर मंडळाकडे अर्ज करून, शुल्क भरून उत्तरपत्रिकेची छायाप्रत मागवता येते. पुनर्मूल्यांकन मागायचं असेल तर ती आधी घ्यावीच लागते. पुरवणीला बसायचं ठरलं तरी ती मागवा : गुण कुठे गेले ते त्यावर प्रश्नागणिक दिसतं, आणि पुरवणीच्या तयारीची यादी त्यावरून एका बैठकीत तयार होते.